पान जाते, झाड राहते
(कुंडीतल्या जांभळ्या ऑक्झॅलिसविषयी)

रोपवाटिकेत हिरव्या जाळीखाली ठेवलेल्या कुंड्यांमध्ये एका झाडाकडे हमखास लक्ष जाते. त्याला खोड नाही, फांदी नाही. मातीतून थेट वर आलेले बारीक, लांब देठ आणि प्रत्येक देठाच्या टोकाला गडद जांभळ्या रंगाच्या तीन त्रिकोणी पर्णिका, पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या. विक्रेते त्याला ‘ऑक्झॅलिस’, ‘पर्पल शॅमरॉक’ किंवा नुसतेच ‘बटरफ्लाय प्लांट’ म्हणतात. शास्त्रीय नाव ऑक्झॅलिस ट्रायअँग्युलॅरिस.

हिवाळ्यात घरी आणलेले हे झाड दोन-तीन महिने भरभरून वाढते. मार्च सरता सरता पाने पिवळट पडू लागतात, देठ माना टाकतात आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत कुंडीत नुसती माती उरते. ‘मेलं बिचारं’ असे म्हणत पुष्कळ लोक ती माती दुसऱ्या झाडाच्या बुंध्याशी ओततात आणि कुंडीत तुळस नाही तर मिरची लावतात. प्रत्यक्षात त्या मातीत झाड जिवंत असते. या वनस्पतीचे पान हा तिचा खर्च करण्याजोगा भाग आहे आणि भांडवल मातीखाली आहे. थंडी, उन्हाळा, तहान, अंधार अशा कोणत्याही अडचणीला तिचे उत्तर एकच, पाने सोडून द्यायची. एवढे ध्यानात आले की पाणी किती द्यावे, कुंडी कुठे ठेवावी, कधी हात लावू नये, हे सगळे त्यातूनच उलगडत जाते.

कुळ आणि मूळ

या झाडाचे घर दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलपासून बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या पट्ट्यात आहे. ऑग्युस्त द सेंत-इलेर हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ १८१६ ते १८२२ या काळात ब्राझीलमध्ये फिरत होता. हजारो नमुने घेऊन तो मायदेशी परतला आणि दक्षिण ब्राझीलच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात त्याने या जातीचे वर्णन केले. याच झाडाचा हिरव्या पानांचा, पांढऱ्या फुलांचा प्रकार बाजारात बराच काळ ‘ऑक्झॅलिस रेग्नेली’ या वेगळ्या नावाने विकला गेला. ते नाव आंदेर्स रेग्नेल या स्वीडिश डॉक्टरच्या स्मरणार्थ दिलेले आहे. तो ब्राझीलमध्ये स्थायिक झाला होता आणि वैद्यकी करता करता वनस्पती गोळा करत असे. आज हे दोन्ही प्रकार सहसा एकाच जातीत धरतात.

ऑक्झॅलिस या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यातली एक आपल्या पायाखालचीच आहे. पावसाळ्यात फरशीच्या फटीत, बागेच्या कडेला, दुसऱ्या झाडाच्या कुंडीत न बोलावता उगवणारी, पिवळ्या फुलांची आंबुशी. आयुर्वेदात तिला चांगेरी म्हणतात. तिची आंबट पाने भाजीत, चटणीत वापरतात. गोव्या-कोकणातली करमल आणि बिंबल ही आंबट फळेही याच कुळातली. सह्याद्रीत पावसाळी ओल्या वाटांवर छोट्या माडासारखे दिसणारे आणि स्पर्श होताच पाने मिटणारे बायोफायटमदेखील याच कुळाचे. आंबट रस आणि हलणारी पाने हे या घराण्याचे दोन वारसे आहेत. जांभळ्या ऑक्झॅलिसमध्ये दोन्ही उतरले आहेत.

आता ‘शॅमरॉक’विषयी. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आयरिश लोक कोटाला लावतात ती तीनपानी फांदी मुख्यतः ट्रायफोलियमची, म्हणजे मेथीघासाच्या नात्यातल्या द्विदल वनस्पतीची असते. पण हा वाद जुना आहे. जेम्स बिचेनो याने १८३० मध्ये मांडले की खरा शॅमरॉक म्हणजे युरोपातल्या जंगलातली आंबट पानांची ऑक्झॅलिस ॲसिटोसेला. पुढे नॅथॅनिएल कोलगन या हौशी निसर्गअभ्यासकाने १८९०च्या दशकात एक साधा उपाय केला. त्याने आयर्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतल्या लोकांकडून त्यांना शॅमरॉक वाटणारी रोपे मुळासकट मागवली, कुंड्यांत लावली आणि फुले येईपर्यंत वाट पाहिली. जवळजवळ सगळी रोपे ट्रायफोलियमच्या दोन जातींची निघाली. ब्राझीलच्या जांभळ्या झाडाचा आयर्लंडशी संबंध एवढाच, की तीन पर्णिका पाहून फुलझाडांच्या बाजाराने त्याला शॅमरॉकच्या पंगतीत बसवले. जर्मनीत याच न्यायाने मेक्सिकोच्या चार पर्णिकांच्या ऑक्झॅलिस टेट्राफायलाच्या छोट्या कुंड्या नववर्षाला शुभशकुन म्हणून भेट देतात.

रात्री पाने का मिटतात?

संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की जांभळ्या ऑक्झॅलिसच्या तिन्ही पर्णिका हळूहळू खाली झुकतात, मधल्या शिरेवर दुमडतात आणि देठाभोवती मिटलेल्या छत्रीसारख्या लोंबतात. सकाळी पुन्हा उघडतात. नवख्या माणसाला रात्री वाटते, पाणी कमी पडले. तो पाणी घालतो, सकाळी पाने टवटवीत दिसतात आणि पाण्याने काम केले असा समज पक्का होतो. जादा पाण्याने कुजलेल्या अनेक कुंड्यांच्या मुळाशी हा गैरसमज असतो.

ही हालचाल घडवणारा सांधा पर्णिका देठाला जिथे जुळतात तिथे असतो. त्याला पुलवृंत म्हणतात. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी जाते आणि त्या पेशी सैल पडतात. दुसऱ्या बाजूच्या पेशी पाणी घेऊन फुगतात. पर्णिका वाकते. सकाळी हाच व्यवहार उलटा होतो. झाडाच्या अंगचे दैनिक घड्याळ आणि प्रकाश, दोघे मिळून हे चालवतात. मिटलेली पाने घट्ट असतात, तहानलेली पाने देठासकट लुळी पडतात. हा फरक हाताला लगेच कळतो.

लिनियसने १७५५ मध्ये वनस्पतींच्या ‘निद्रे’वर प्रबंध लिहिला होता. पण या निद्रेचा झाडाला उपयोग काय, हे प्रयोगाने तपासले चार्ल्स डार्विनने. त्याच्या आधी, १८१४ मध्ये, विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरने दवावर निबंध लिहून दाखवले होते की निरभ्र रात्री गवत, पाने अशा वस्तू आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. डार्विनने हा धागा उचलला. मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने त्याने ऑक्झॅलिससह अनेक वनस्पतींची काही पाने बुचाच्या तुकड्यांवर टाचून आडवी, उघडी ठेवली. शेजारची पाने नेहमीप्रमाणे मिटू दिली. थंड, निरभ्र रात्रीनंतर टाचलेल्या पानांना हिमाचा जास्त फटका बसलेला दिसला. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वनस्पतींच्या हालचालींवरील ग्रंथात त्याने निष्कर्ष काढला की आडवे पान आकाशाला पूर्ण सामोरे जाते, उभे पान कमी. म्हणून मिटणे हे गारठ्यापासून बचावाचे साधन आहे. नंतरच्या शास्त्रज्ञांनी या हालचालीची इतरही कारणे सुचवली आहेत, त्यामुळे डार्विनचे उत्तर शेवटचे मानत नाहीत. पण थंडीत आडव्या पानाला धोका अधिक, हे त्याचे निरीक्षण पक्के आहे.

हिमाचा फटका

मिटून घेणे ही तात्पुरती ढाल. पारा शून्याखाली गेला की ती पुरत नाही. पानाच्या पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत बर्फाचे कण धरतात, ते पेशींतले पाणी ओढून घेतात, पेशी आतून कोरड्या पडतात आणि त्यांची आवरणे फाटतात. ऊन चढले की अशी पाने काळपट, पाणचट होऊन लोळतात. थंड प्रदेशातल्या झाडांनी यावर रासायनिक तोडगे काढले आहेत. ब्राझीलच्या या झाडाला मात्र पान वाचवता येत नाही. ते पान सोडून देते आणि मातीखाली तग धरते.

मग थंड देशांतले माळी याची कुंडी आत घ्या असे का सांगतात? कारण जमीन आणि कुंडी यांत फरक आहे. जमिनीत थंडी फक्त वरून उतरते आणि खालच्या थरांची ऊब बोटभर खोलीवरच्या कंदालाही काही प्रमाणात मिळते. कुंडीला चारही बाजूंनी गारठा लागतो आणि मूठभर माती पूर्ण गोठते. वर ती ओली असली तर कंद बर्फ वितळल्यावर सडतो. म्हणून लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाने हे झाड बाल्कनीत ठेवले असेल, तर पहिल्या हिमरात्रीआधी कुंडी घरात घ्यावी. पाने टिकवायची असतील तर खिडकीशी उजेडात, आणि झोपू द्यायचे असेल तर गोठणार नाही अशा कोरड्या, गार कोपऱ्यात.

महाराष्ट्रात हा प्रश्न मोजक्या ठिकाणी येतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर काही रात्री दवबिंदू गोठतात, तेव्हा हवेतला पारा शून्याच्या बराच वर असतो. वेल्सने सांगितलेलेच कारण, निरभ्र आकाशाखाली गवताचे पाते हवेहून थंड होते. निफाडच्या बाजूला थंडीच्या लाटेत द्राक्षबागाईतदारांना हीच धास्ती असते. अशा गावांत कुंडी रात्री ओसरीत किंवा छज्ज्याखाली सरकवली तरी पुरते, कारण डोक्यावर आडोसा आला की पान आकाशाकडे उष्णता सोडू शकत नाही. उरलेल्या महाराष्ट्रात झाडाची खरी परीक्षा घेतो तो उन्हाळा.

कंद, माती, कुंडी

कुंडी उपडी केली की मातीत बोटाच्या पेराएवढ्या, खवल्याखवल्यांच्या, फिकट गुलाबी किंवा तपकिरी कांड्या सापडतात. बाजारात त्यांना ‘बल्ब’ किंवा कंद म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत ते मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड. प्रत्येक खवल्यात अन्न साठलेले असते. कधी त्याखाली मुळ्यासारखे पांढरट, पाणीदार मूळही दिसते, ती पाण्याची शिल्लक. कांडीचा तुकडा पडला तरी त्याला डोळा असेल तर त्यातून नवे झाड उभे राहते. बियांची वाट पाहायचे कारणच नाही.

लागवडीला सहा इंची, तळाला भोके असलेली पसरट कुंडी पुरते. मुळे खोल जात नाहीत, त्यामुळे उंच कुंडीतला तळाचा भाग नुसताच ओला राहतो. एका कुंडीत पाच-सहा कांड्या एक ते दीड इंच खोल आडव्या ठेवाव्यात. वरची बाजू कुठली या विवंचनेत पडू नये, कोंब आपला मार्ग शोधतो. दोन ते चार आठवड्यांत देठ वर येतात.

मातीची अट एकच, पाणी थांबता कामा नये. देशावरची काळी माती इथे उपयोगाची नाही. ती ओली असताना चिकट होते, वाळल्यावर तडकते आणि दोन्ही वेळी मुळांना जाच करते. रोपवाटिकेत मिळणारी लाल माती दोन वाटे, कोकोपीट एक वाटा, जाड वाळू किंवा पर्लाइट एक वाटा आणि चाळलेले गांडूळखत एक वाटा, हे मिश्रण बरे. सोबत मूठभर निंबोळी पेंड मिसळली तर मातीतल्या किडींना थोडा आळा बसतो. ताजे शेणखत घालू नये, कंद भाजतो.

पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून पाहावे. वरचा इंचभर थर कोरडा लागला तर भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत साठलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर ठेवलेल्या कुंडीचे नियंत्रण आपल्या हाती राहत नाही. जुलैची झड लागण्याआधी ती आडोशाला न्यावी. खत जोमाच्या दिवसांतच, महिन्यातून एकदा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे. नत्र जास्त झाले की देठ लांबतात आणि पाने जड होऊन लोळतात.

रंग आणि उजेड

पानांचा जांभळा रंग अँथोसायनिन गटातल्या द्रव्यांचा आहे. त्यातले मुख्य मालविडिन, काळ्या द्राक्षांच्या सालीत असते तेच. त्याच्या आड हरितद्रव्यही असते, म्हणून हे झाड इतरांसारखेच उन्हावर अन्न तयार करते. उजेड कमी पडला की जांभळा रंग फिका, हिरवट होतो आणि देठ खिडकीच्या दिशेने लांब ताणले जातात. दुपारचे थेट ऊन मिळाले तर कडा करपतात. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे ऊन आणि नंतर दिवसभर नुसता उजेड ही आदर्श जागा. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळण फिरवली की झाड एका बाजूला कलत नाही.

कडक उन्हातही पर्णिका झुकतात, रात्री झुकतात तशाच. ओले ब्यॉर्कमन आणि स्टीफन पॉल्स यांनी कॅलिफोर्नियाच्या रेडवुड जंगलातल्या ऑक्झॅलिस ओरेगाना या भावंडावर केलेला अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. उंच झाडांच्या फटीतून उन्हाचा कवडसा पडला की तिच्या पर्णिका काही मिनिटांत खाली मिटतात आणि कवडसा सरकला की पुन्हा उघडतात. सावलीला सरावलेल्या पानाची प्रकाशयंत्रणा प्रखर उन्हाने बिघडते, ते टाळण्यासाठी ही धडपड. तेव्हा भर दुपारी बाल्कनीतले ऑक्झॅलिस मिटलेले दिसले तर झारी उचलण्याआधी कुंडी सावलीत सरकवावी.

झोपेचा हंगाम

हे झाड पंधरा ते चोवीस अंश तापमानात खुशीत असते. पारा सतत तिशीच्या वर राहू लागला, किंवा पाण्याची फार ओढ झाली, की ते पानांतले उपयोगाचे अन्न कंदात ओढून घेते आणि पाने सोडते. मुंबई-कोकणात दमट उष्म्याने, विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या होरपळीने, पण एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक ठिकाणी हे घडतेच. गार, उजेडाच्या घरात ते वर्षभर हिरवे-जांभळे राहूही शकते. झोप ही त्याची सक्तीची गरज नाही, अडचणीतली सोय आहे.

पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करावे. सुकलेले देठ हलक्या हाताने ओढले की निघून येतात. मग कुंडी सावलीत ठेवावी आणि माती पूर्ण दगड होऊ नये एवढेच, पंधरा-वीस दिवसांतून एकदा, थोडे पाणी शिंपडावे. या काळात खत नाही, रोजचे पाणी तर मुळीच नाही. पान नसलेल्या झाडाला पाणी वापरता येत नाही, ते मातीत साचते आणि कंद सडवते. उन्हाळ्यात मेलेली बहुतेक ऑक्झॅलिस उन्हाने मेलेली नसतात, काळजीपोटी घातलेल्या पाण्याने मेलेली असतात. कुंडीवर चिठ्ठी चिकटवून ठेवावी, म्हणजे घरातले दुसरे कुणी त्यात काही पेरणार नाही.

मृगाच्या सरींनी हवा गार झाली की कोंब दिसू लागतात. कुंडी बदलायची, कंद सुटे करून वाटायचे ते याच्या थोडे आधी, मेच्या अखेरीस. कंद दाबून पाहावा. घट्ट असेल तो ठेवावा, मऊ आणि वास मारणारा टाकून द्यावा. अधेमध्ये झाड विस्कटलेले, किडलेले दिसले तर सगळी पाने मातीलगत कापून टाकायलाही हरकत नाही. कंदात पुंजी असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते.

आंबटपणाचा हिशेब

ऑक्झॅलिक आम्लाला हे नाव याच प्रजातीवरून मिळाले. फ्रेडरिक व्योलरने १८२४ मध्ये ते प्रयोगशाळेत अजैविक पदार्थांपासून बनवले, त्याच्या प्रसिद्ध युरिया-प्रयोगाच्याही चार वर्षे आधी. पानांतला या आम्लाचा आंबटपणा चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवतो. शरीरात हे आम्ल कॅल्शियमशी जोडले जाते, म्हणून मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अशी पाने टाळावीत. घरात मांजर किंवा कुत्रा झाडे कुरतडत असेल तर कुंडी उंचावर टांगावी.

किडींना मात्र हा आंबटपणा रोखत नाही. कोरड्या हवेत लाल कोळी पानांच्या मागे बारीक जाळे विणतो, पाण्याच्या फवाऱ्याने पाने खालून धुतली की तो आटोक्यात येतो. पिठ्या ढेकूण देठाच्या बुडाशी दडतो. पानामागे नारिंगी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा, अशी पाने लगेच काढावीत. मक्यावरच्या सामान्य तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा ऑक्झॅलिसच्या काही जातींवर पुरा करते, हे मका पिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे. दुसरीकडे, आपल्याकडच्या छोट्या निळ्या फुलपाखरांपैकी ‘पेल ग्रास ब्लू’ आंबुशीवर अंडी घालते. कुंडीतली आंबुशी उपटताना थोडी एखाद्या कोपऱ्यात राहू दिली तर बिघडत नाही.

कुंडीतली माती कुठे टाकाल?

पान गमावूनही टिकण्याचा जो गुण आपल्याला सोयीचा वाटतो, तोच शेतात डोकेदुखी होतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली पिवळ्या फुलांची ऑक्झॅलिस पेस-केप्री शोभेसाठी युरोपात नेली गेली. आज भूमध्य समुद्राकाठच्या फळबागा आणि ऑलिव्हच्या राया तिने भरून टाकल्या आहेत. तिथे तिचे बी फारसे धरत नाही, तिचा सगळा प्रसार मातीतल्या बारीक कंदांनी होतो. भारतातही मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या गुलाबी फुलांच्या ऑक्झॅलिस जाती बागांत आणि मळ्यांत तण झाल्या आहेत. खुरपले की वरची पाने जातात आणि सुटलेले कंद दहा ठिकाणी पसरतात.

जांभळे ऑक्झॅलिस त्यांच्याइतके आक्रमक नाही, पण जगण्याची पद्धत तीच आहे. म्हणून जुनी माती ओढ्याकाठी, टेकडीवर किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. ती चाळावी, कंद वेचावेत, चांगले शेजाऱ्यापाजाऱ्यांना द्यावेत, नको असलेले काळ्या पिशवीत बांधून कडक उन्हात वाळवून मगच टाकावेत. चाळलेली मातीही पुन्हा कुंडीतच वापरावी, कारण कितीही काळजीपूर्वक वेचले तरी एखादा तुकडा त्यात राहतोच.